समुद्राकडं पाठ

२०१६ साल. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते. मी सदुसष्ट वर्षांचा होतो. रशीद पेंटर माझ्याहून लहान, तरी मलाच शहाणपण शिकवायचा. माझी शाळा चौथीपर्यंत. पण माणूस ओळखायला शाळा लागते, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

रशीद उदगीरचा. फोटो स्टुडिओचे पडदे रंगवायचा. पुढं नवरा-नवरी, मागं एका अंगाला किल्ला, दुसऱ्या अंगाला समुद्र. किल्ल्यांसाठी माझ्या जीपमधून औसा, कंधार सगळं पालथं घातलं त्यानं. तऱ्हा अशी, की तटाकडं एकदा डोळे भरून बघायचा, मग त्याच्याकडं पाठ करून बसायचा आणि मगच ब्रश उचलायचा. कंधारला एका मास्तरांनी हटकलं, तर म्हणाला, "बघून बघून तर कॉपी करतेत, मास्तर. आपण पेंटर हाय."

समुद्र मात्र त्यानं जन्मभर न बघताच रंगवला. नीळ कालवलेल्या बादलीसारखा. त्या साली डॉक्टरनं सांगितलं, काचबिंदू वाढलाय, नजर फार दिवस टिकायची नाही. रशीद थेट चाकूरला माझ्या दारात.

"पाटील, जीप काढा. खोटा समिंदर लई खपवला. एक खरा काढतो."

अलिबागला पोचलो तेव्हा पाणी लांब होतं. मधे ओली वाळू, पलीकडं किल्ला. आपण पडद्यावर जोडत होतो ते अल्लानं आधीच जोडून ठेवलंय, म्हणून रशीद हरखला. आम्ही चालत बरंच आत गेलो. एका खडकावर तो समुद्राकडं पाठ करून बसला, मी शेजारी तंबाखू मळत. एक टांगेवाला ओरडून गेला, परत फिरा, पाणी येतंय. मला वाटलं, गाडीत बसवायला भीती घालतोय. मी त्याला सुनावलं, आमच्याकडं बी तळी हायेत, पाणी असं जागचं उठून येत नसतंय.

चित्र पुरं होत आलं आणि आमच्या ढुंगणाला गार लागलं.

कमरेएवढ्या पाण्यातून त्याच टांगेवाल्यानं आम्हाला गचांडी धरून वर ओढलं. चित्र गेलं, रंगाची पेटी गेली, रशीदची एक चप्पल गेली. मला वाटलं, आता हा रडणार. तो पहिल्यांदाच समुद्राकडं तोंड करून बघत बसला.

"पसंत पडलं म्हणून नेलं, पाटील. स्टुडिओवाले तर फुकट दिलं तरी नाकं मुरडतेत."

"आन् चप्पल?"

"ती बी पसंत पडली."

घरी येऊन त्यानं शेवटचा पडदा रंगवला, चाकूरच्या स्टुडिओसाठी. मातकट पाणी, फेस, आणि लाट पार खालच्या काठापर्यंत, उभं राहणाऱ्याच्या टाचेला भिडलेली. स्टुडिओवाला म्हणाला, नवऱ्या घाबरतात, थोडी नीळ टाका. रशीद म्हणाला, खरं दिसतंय म्हणूनच घाबरून राहिल्यात. स्टुडिओवाल्यानं पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला.

पुढं रशीदची नजर गेली. मी उदगीरला गेलो की त्याचा पहिला सवाल, "पडदा लागला का?" मला खोटं बोलता येत नाही. न्हाई म्हणायचो. "लागंल," म्हणायचा, आणि मलाच चहा पाजायचा.

गेल्या हिवाळ्यात त्याला माती देऊन आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत गेलो आणि पडदा माळ्यावरनं काढायला लावला. फोटो काढणारं पोरगं कुरकुरलं, काका, पासपोर्टच्या फोटोला मागं पांढरं लागतं. म्हटलं, मला कुठं विलायतेला जायचंय? खुर्ची मांडली. समुद्राकडं पाठ करून बसलो.

"काका, जरा हसा."

"माझं सोड. तू मागं ध्यान ठेव. पाणी आलं तर सांग."