जीपच्या दारावरची नावं

जीप आम्हा दोघा भावांची, असं ठरलं होतं. बापाच्या मागं राहिलेलं रामनगरकडचं शेत विकून ती जुनी जीप घेतली, जोयडा ते अणशी माणसं न्यायला. शेत दोघांचं, तर जीपही दोघांची. कागद एकट्या अण्णाच्या नावावर झाले, कारण कचेरीत तोच जायचा. दारावर दोघांची नावं घालू, म्हणजे झालं, असं तोच म्हणाला. थोरला भाऊ. मी कशाला शंका काढू?

मुलूख म्हैसूर राज्यात गेल्यावर पाट्या कानडीत होऊ लागल्या, म्हणून अण्णानं बेळगावहून कानडी अक्षरांचे छाप आणले. भिजवून कागदावरनं पत्र्यावर सरकवायची ती अक्षरं. कानडी मी घडाघडा बोलतो, पण वाचता एक अक्षर येत न्हाई. माझी शाळा मराठी. दुकानदारानं अक्षरं ओळीनं लावून दिली होती. क्रम तेवढा चुकवू नकोस, असं अण्णानं बजावलं.

माझा मेल्याचा उत्साह बघा! दार राखेनं घासलं, परातीत पाणी घेतलं, एकेक अक्षर बोटानं सरकवून फडक्यानं दाबलं, बुडबुडे काढले. वर वार्निशचा हात मारला. शेवटचं अक्षर जरा वाकडं बसलं तर जीव खालीवर झाला, माझ्याच नावातलं असणार म्हणून.

तेवढ्यात धारवाडकडचा फॉरेस्ट गार्ड आला. मोडकंतोडकं मराठी बोलायचा. त्याला वाचायला लावलं. त्यानं अण्णाचं नाव वाचलं आणि म्हणाला, "मत्तु..." मत्तु म्हणजे आणि. माझी छाती फुगली.

"मत्तु मग," तो म्हणाला.

मला वाटलं, मराठीत विचारतोय. "मग माझं नाव. वाच की पुढं."

"पुढं काय न्हाई."

कानडीत मग म्हणजे मुलगा. लहानपणापास्नं मला ठाऊक असलेला शब्द. दारावर अण्णा होता आणि त्याचा पोरगा.

अण्णा ओट्यावर पान लावत बसला होता. मी जाऊन विचारलं. त्याचं चुन्याचं बोटसुद्धा थांबलं न्हाई.

"दोघांची म्हटलं होतं. दोघंच हायत की."

दगड घेऊन दार चेपून टाकावं, असा संताप आला. वार्निश ओलंच होतं, नखानं खरवडलं असतं तरी निघालं असतं. पण थोरल्यापुढं हात उचलला न्हाई, आणि त्याचीच चीड मला आजवर येते.

माझी मुळाक्षरं अण्णानंच गिरवून घेतली होती, माझं बोट धरून, अंगणातल्या धुळीत. मला कुठली अक्षरं वाचता येत न्हाईत, हे त्याच्याइतकं पक्कं कुणाला ठाऊक होतं?