कुरडईची बंदूक

"कायबी झालं तरी नावं ठेवू नका बरं," आत्या अंगणातल्या बायकांना दबक्या आवाजात सांगत होती. "तिच्या फोनात समदं उतरायलंय. तिचे मास्तर ऐकतेत अन् मग मार्क देतेत. पोरगी नापास झाली तर आपल्यामुळं व्हईल."

"आमी कशाला नावं ठेवतो, माय," समोरच्या किराणा दुकानाच्या काकू म्हणाल्या. "काल मी किती चांगलं बोलले. बंदूक लय भारी हाय म्हनलं."

"चार बारी म्हनलात तुमी, काकू," आत्याची सून, माझी वहिनी, म्हणाली. "येक बारी बास झालं असतं."

मी आतल्या खोलीत फोन चार्जिंगवरून काढत होते. बाहेर जावं की खोकून आवाज द्यावा हे कळेना, म्हणून फोन हातात धरून तशीच उभी राहिले. आदल्या दिवशीचं सगळं रेकॉर्डिंग त्या फोनमध्ये होतं. संध्याकाळी गच्चीवर बसून ते ऐकताना मी मनातल्या मनात खूश झाले होते. एवढी स्तुती माझ्या कुठल्याच कामाची कधी झाली नव्हती.

ही बंदूक म्हणजे मी केलेला कुरडईचा सोऱ्या. दर उन्हाळ्यात कुरडया झाल्या की आईचं मनगट सुजायचं. पितळेचा सोऱ्या, त्यात शिजवलेला गरम चीक, आणि वरची मूठ फिरवून फिरवून तो दाबायचा. म्हणून मी कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमची नळी घेऊन ती काळी रंगवली आणि तिला खटका बसवला. खटका ओढला की आतली चकती पुढे सरकते आणि चीक बाहेर येतो. मनगट फिरवायला नको. वालूरला आत्याच्या अंगणात मी तो पिशवीतून काढला तेव्हा काकू दोन पावलं मागे सरकल्या आणि म्हणाल्या, "अगं बया, बंदूक आनली का काय पोरीनं?" तेव्हापासून त्याचं नाव तेच पडलं.

माझ्या प्रबंधाचा विषय मात्र कुरडई नव्हता. वस्तू तपासायची एक पद्धत आहे. माणसाच्या हातात ती वस्तू द्यायची आणि वापरताना मनात जे जे येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं. डिझाइन शिकवणाऱ्या सगळ्या कॉलेजांत ती शिकवतात. ती आपल्याकडच्या घरांत, आपल्याकडच्या बायकांबरोबर कितपत चालते, हे मला बघायचं होतं. बंदूक हे त्यासाठीचं निमित्त. ही पद्धत मला आवडायचं आणखी एक कारण होतं. तिच्यात संशोधकाने गप्प बसायचं असतं.

गप्प बसणं मला येतं. मी पूर्णेच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले आणि परभणीच्या इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत इंग्रजी विचारल्याशिवाय बोलत नव्हते, घरी मराठी विचारल्यावरसुद्धा थोडीच बोलायचे. आत्याचं म्हणणं असं की, मी आत इंग्रजीत उत्तर तयार करते, मग ते मराठीत आणते, तोवर समोरचा माणूस उठून जातो. हे ती सगळ्यांसमोर सांगते आणि सांगताना माझ्या डोक्यावरून हात फिरवते.

चाचणीच्या सुरुवातीला वाचून दाखवायचा एक मजकूर असतो. तो मीच इंग्रजीतून मराठीत केला होता. 'आज आपण या वस्तूची परीक्षा घेत आहोत, तुमची नाही. काही चुकलं तर तो वस्तूचा दोष. मनात येईल ते मोकळेपणाने बोला.' लोकांना वाटतं आपलीच परीक्षा चालली आहे आणि ते बुजतात, म्हणून हा मजकूर. पण ज्यांच्यासाठी तो वाचायचा, त्या बायकांना स्वतःची काळजीच नव्हती. त्यांना काळजी होती माझी. परीक्षा वस्तूची असेल, पण वस्तू कुणी केली? मग मार्क कुणाचे जाणार? ह्या वळणाचा विचार मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात नव्हता.

खोलीत उभी राहून मी हे सगळं जुळवलं तेव्हा कळलं, कालचं रेकॉर्डिंग काही कामाचं नाही. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी निघताना बजावलं होतं, "एकही तक्रार आली नाही, तर चाचणी झालीच नाही असं समज. मग ते प्रकरण लिहू नकोस." ते प्रकरण गेलं तर प्रबंधात उरत होती प्रस्तावना. आणि चीक उरला होता त्या सकाळपुरता. दुपारी मला सेलूहून गाडी धरायची होती. पुढच्या कुरडया पुढच्या उन्हाळ्यात.

बाहेर आले. बायका एकदम नीट बसल्या, शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर बसतात तशा. खाटेवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला होता आणि चुलीवर पातेल्यात चीक रटरटत होता. मी फोन सुरू करून खाटेच्या पायाशी ठेवला. मला म्हणायचं होतं की मी आतून सगळं ऐकलंय. ते जमलं नाही. मी मजकूर पुन्हा वाचला, ह्या वेळी जरा सावकाश.

आत्याने बंदूक घेतली. नळीत चीक भरला, खटका ओढला.

"लय सोपं हाय," ती फोनच्या दिशेने वाकून म्हणाली. "कायबी तकलीफ न्हाई."

असं म्हणताना तिने नळी ह्या हातातून त्या हातात घेतली आणि मोकळ्या हाताच्या बोटांवर हळूच फुंकर घातली. दर वेळी खटका सुटला की शेव तुटत होती. जुन्या सोऱ्याने तिची कुरडई कशी एका दमात गोल फिरत येते. इथे कागदावर तुकडे पडत होते आणि ती करंगळीने ते एकमेकांना चिकटवत होती. पटकन, मला दिसू नये म्हणून. वहिनीच्या हातात बंदूक आली तेव्हा तिच्या बांगड्या खटक्यात अडकल्या. तिने त्या सोडवल्या, कोपराकडे सारल्या आणि म्हणाली, "झ्याक."

तोंड एक बोलत होतं आणि हात दुसरं. फोनला फक्त तोंड ऐकू येत होतं.

मी धीर करून विचारलं, "जुना बरा की हा?"

"हाच!" तिघी एका सुरात म्हणाल्या.

"जुना आता भंगारात देते," काकूंनी पुस्ती जोडली. त्यांचा जुना सोऱ्या त्यांच्या मांडीखाली होता. तो त्यांनी येताना सोबत आणला होता.

हे सगळं मी वहीत टिपून घेऊ शकले असते, आणि घेतलंही. पण मी बघितलेलं वेगळं आणि त्यांनी सांगितलेलं वेगळं. बांगड्यांची गोष्ट, भाजणाऱ्या नळीची, तुटणाऱ्या शेवेची, खटका बायकांच्या मुठीत मावत नाही ही, आणि रंग मयताच्या मडक्यासारखा काळा कशाला ही, असं जे जे पुढे त्यांच्याच शब्दांत माझ्या प्रबंधात आलं, ते सगळं त्याच सकाळचं आहे. पण ते सायीच्या वाटीनंतरचं.

सायीचं असं आहे. मी वालूरला येणार असले की आत्या म्हशीच्या दुधाची साय काढून ठेवते. स्वतःच्या मुलांना हात लावू देत नाही. मग वाटीत साखर घालून माझ्यासमोर ठेवते. मी पहिल्यांदा ती खाल्ली तेव्हा शाळेतसुद्धा जात नव्हते. ती घशाखाली उतरेना, पण आत्या समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने विचारलं, "आवडली का माय?" मी मान हलवली. त्या मान हलवण्यावर इतकी वर्षं साय जमते आहे. मी श्वास रोखून, चमच्यातली साय जिभेला न लावता गिळायला शिकले आहे. कुणालाही शंका येत नाही.

त्या सकाळी आत्या बंदूक खाली ठेवून उठली, आत गेली आणि वाटी घेऊन आली.

"घे. लेकरू दमलं माझं," ती म्हणाली. "तू जायच्या आधी द्यायचीच होती. सगळी हाय, कुनाला दिली न्हाई."

"मलाबी न्हाई," वहिनी म्हणाली. "मी घरची सून."

"तुला कशाला? तिला आवडती."

मी वाटी हातात घेतली. साय चांगली जाड होती, वर साखर विरघळत होती. तिघी माझ्याकडे बघत होत्या. फोन चालूच होता. मी चमचा भरला आणि सवयीने श्वास रोखला.

"थांब," काकू म्हणाल्या. "कालपासून आमालाच बोलाय लावायलीस. मनात येईल ते बोला, मोठ्यानं बोला. आता तू खाताना बोल की. बगू तुला येतं का."

"ती कशाची बोलती," आत्या हसून म्हणाली. "इंग्रजीतून मराठीत याला टाइम लागतो तिला."

वहिनीने फोन उचलून माझ्या तोंडापुढे धरला, टीव्हीवाले धरतात तसा. "बोला म्याडम. ही वस्तूची परीक्षा हाय, तुमची न्हाई."

तिने माझाच मजकूर माझ्याच सुरात म्हटला. सगळ्या हसल्या, मीही हसले. पण चमचा हातातच राहिला. आत्या हसता हसता माझ्या तोंडाकडे बघत होती, अगदी तशीच, आवडली का विचारायच्या तयारीत. तिच्या बोटांची टोकं अजून लाल होती. मला वाटलं, आम्ही दोघी एकमेकींना किती दिवस अशा पास करत राहणार आहोत.

मी चमचा वाटीत परत ठेवला. उत्तर इंग्रजीत तयार झालं नाही.

"आत्या," मी म्हणाले, "मला साय आवडत नाही. कधीच आवडली नाही. पण तू माझ्यासाठी जमवतेस, ते मला लय आवडतं. आता तू सांग, बोटं किती भाजली?"