खाडीच्या पाण्यानं एसीची अंघोळ

एसीच्या आउटडोअर युनिटची जाळी मी बोटानं नुसती दाबली, तर तिचा भुगा हातात आला. एसी बसवून एक उन्हाळाही सरला नव्हता.

"तात्या, हे गेलं."

"गेलं म्हंजी? आरं रफीक, आज माझा व्याही येतोय!"

तात्या बावड्याचे बागायतदार. माझं एसी दुरुस्तीचं दुकान इंदापुरात. उजनी धरणाच्या बॅकवॉटरला तात्यांची एक बोट आहे. तिच्यावर मीच घरगुती स्प्लिट एसी बसवलाय आणि तो बरा चालतोय. तेवढ्यावर तात्या दर्यावर्दी झाले. कोकणातल्या एका खाडीत पर्यटकांसाठी मोठी बोट घेतली आणि तसलाच एसी मागितला. खाऱ्या हवेसाठी वेगळे मरीन एसी येतात, ते घ्या, असं मी सांगून पाहिलं.

"हवा ती हवा. तुला म्हागातला गळ्यात मारायचाय, व्हय?"

मग मागितला तोच एसी बसवून दिला.

आता व्याह्यांचं. तात्यांची लेक कळस गावात दिलीय. लग्नात मांडवातले कूलर बंद पडले आणि व्याह्यांनी चारचौघांत तात्यांचा पाणउतारा केला. तात्यांनी तिथंच सुनावलं, "आमच्या बोटीवर या, गोधडी मागून घ्याल!" ते व्याही आता वाटेत होते.

एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर फेकतो. फेकायचं काम आउटडोअरचं. त्यात तांब्याच्या नळ्या आणि त्यांवर ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या असतात. खारी हवा त्या पट्ट्या खाते, मग नळी खाते, शेवटी गॅस उडतो. पण इतक्या लवकर? वर मिठाचे पापुद्रे साचले होते.

"तात्या, हे धुता का कधी?"

"रोज! एक दिस खाडा न्हाय." तात्यांनी ऊस फवारायचा पंप दाखवला. त्याचा पाइप सरळ खाडीत सोडलेला.

"खाडीच्या पाण्यानं?"

"मग काय गुलाबपाण्यानं?"

आमच्याकडं बैल असो, ट्रॅक्टर असो, कालव्यावर नेऊन धुवायचा. जवळचं पाणी तेच धुवायचं पाणी. तात्या ही रीत घाट उतरून खाली घेऊन आले होते. मी कपाळावर हात मारला.

फोनवरच मला अंदाज आला होता, म्हणून नवा एसी गाडीत टाकूनच आलो होतो. घरगुतीच, मरीन एसी इंदापुरात उभ्या उभ्या मिळत नाही. तो बसवला आणि बजावलं, "धुवायचा तर गोड्या पाण्यानं. कळलं?"

"व्हय रं बाबा, कळलं."

व्याही आले. केबिनमध्ये बसले आणि थोड्या वेळानं त्यांनी खरंच शाल मागितली. तात्यांचा चेहरा असा खुलला की खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं.

"लई गार हाय की," व्याही म्हणाले. "निगा चांगली राखताय."

झालं. तात्या उठले. "निगा? या, दावतो!"

मी पोचेपर्यंत पंप सुरू झाला होता. नव्याकोऱ्या आउटडोअरला खाडीच्या पाण्यानं अंघोळ चालली होती.

"तात्या, आवो—"

तात्यांनी डोळे वटारले. व्याही शाल सावरत कौतुकानं बघत होते. "जीव लावता वस्तूला," ते म्हणाले.

बोललो असतो तर एसी वाचला असता आणि तात्या बुडाले असते. मी तोंड मिटलं, आणि पंप थांबल्यावर युनिटवरचं माझ्या दुकानाचं स्टिकर तेवढं खरवडून काढलं. गिऱ्हाइकाला शहाणपण जरूर शिकवावं, पण त्याचा व्याही घरी गेल्यावर.