नानांच्या डोळ्यांतला पांढरा

नाना माणसाच्या डोळ्यांतला पांढरा भाग आधी बघत, चेहरा मागाहून. वाशिमच्या माझ्या छापखान्यात नवं गिऱ्हाईक आलं की दचकायचंच. "मनावर घेऊ नका," मी सांगायचो, "आमचे मशीनमन आहेत. खोडच आहे त्यांची."

खोड धंद्यातून आलेली. ऑफसेट मशीनवर शाया चारच: निळी सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी. पांढरी शाई नसतेच. पांढरं म्हणजे कोरा सोडलेला पुठ्ठा. म्हणून नाना छापून आलेला पहिला ताव दारात उन्हात नेत आणि चित्रातला पांढरा शोधत. "पयले पांढरा पाहा. बाकी रंग झूट बोलतात, पांढऱ्याले बोलता येत नाही." माणसांनाही तोच न्याय. चहावाल्याला म्हणायचे, "काहून बे, आज डोयात मॅजेंटा चढला? बायकोनं घराबाहेर झोपवलं का?"

हसायचो आम्ही. पण एकदा मेडशीचे एक गुरुजी हँडबिलं न्यायला आले, तेव्हा नाना त्यांच्याकडे बघतच राहिले. "गुरुजी, आजच्या आज दवाखान्यात जा." गुरुजी हसून एस.टी.ला गेले. पुढच्या खेपेला त्यांचा मुलगा आला, श्रद्धांजलीचं पत्रक छापायला. फोटोतल्या डोळ्यांवर नानांनी अंगठा धरला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलताना खाली बघू लागलो.

स्वतःचे डोळे मात्र त्यांनी कधी पाहिले नसावेत. छापखान्यातला आरसा शाईच्या बोटांनी भरलेला असायचा.

पोहरादेवीच्या यात्रेआधी एका पेढेवाल्याची मोठी ऑर्डर आली. डब्यावर हसरा म्हातारा हवा होता. नाना कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले, लाजत दारात उभे राहिले, मी फोटो काढला. कॉम्प्युटरवर उघडला आणि त्यांनीच शिकवलं तसं आधी पांढरं पाहिलं. शर्ट स्वच्छ. डोळे पिवळे. उजेडाचा दोष असता, तर शर्टही पिवळा आला असता.

मला कळलं होतं. आजवर कुणाला सांगितलं नाही, ते हेच. कळलं होतं.

"काय पाहून राह्यला बे एवढा?" नाना मागे येऊन उभे होते.

यात्रा तोंडावर होती. ते दवाखान्यात गेले, तर मशीन लावणारं दुसरं कुणी नव्हतं. यात्रा होऊ दे, मग सांगू, असं मनाशी म्हटलं. "काही नाही नाना. फोटोत पिवळा चढला."

"मंग काढ ना! पिवळ्या म्हाताऱ्याचा पेढा कोन खाईन?"

काढला. डोळ्यांत एक ठिपका शाई ठेवली नाही, कोरा पुठ्ठा सोडला. पहिला ताव घेऊन नाना दारात गेले, स्वतःच्या डोळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. "आता झाला पांढरा." मग माझ्याकडे वळले. "तुहे डोये काहून लाल रे?"

संध्याकाळपर्यंत थप्प्या लागल्या. मी वाट काढत बाहेर गेलो, तेव्हा डब्यांवरचे सगळे नाना माझ्याकडे बघत होते.

यात्रेच्या गर्दीतच ते अंथरुणाला खिळले. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, कावीळ फार पुढे गेली, आधी आणायचं होतं. खाटेवर नानांनी माझा हात धरला. "फोटोत दिसला होता का रे तुले?"

"नाही, नाना."

त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं आणि हात सोडला.

त्यांना पोचवून आलो, तेव्हाही पोहरादेवीच्या रस्त्यावर रिकामे डबे पडलेले होते. जीपची चाकं चेहऱ्यांवरून जात होती, आणि डोळे पांढरेशुभ्र.

त्याला काही वर्षं झाली. परवा गोदाम आवरताना त्या डब्यांचा उरलेला गठ्ठा सापडला. शर्टाला मी नीळ दिल्यासारखी सायनची छटा भरली होती. तो अजून पांढरा दिसतो. डोळे पिवळे झालेत. जुना पुठ्ठा पिवळा पडतो, हे मला ठाऊक आहे. गिऱ्हाइकांना मीच सांगतो. पण गठ्ठ्याच्या मधला, हवा न लागलेला डबा काढला, त्यातही तेच. नानांसारखा दारात नेला. भर उन्हात धरला.

तिथं मी शाईचा ठिपकाही ठेवला नव्हता.

आता गिऱ्हाईक आलं की मी आधी त्याच्या डोळ्यांतला पांढरा बघतो. लोक दचकतात. दिसलं, की सांगतो.