आधी कॉपी, मग चहा

आमच्या आर्णीच्या कापसाच्या जिनिंग मिलमधले कॉम्प्युटर बघायला एक तंत्रज्ञ पुसदहून मोटारसायकलने येतात. आल्या आल्या चहा पुढे केला, की हात आडवा धरतात. "पह्यले कॉपी उघडून पाहू द्या." बॅकअप झाल्याचा, म्हणजे सगळ्या नोंदींची कॉपी निघाल्याचा, हिरवा मेसेज समोर असला तरी त्यांचं समाधान होत नाही. ती कॉपी दुसऱ्या मशीनवर चालू करतात आणि शेवटी आलेल्या कापसाच्या गाडीचं वजन माझ्याकडून शोधून घेतात. तोवर चहावर साय धरते. मला याचा राग यायचा.

आमचा वजनकाट्याचा प्रोग्राम सर्व्हरवरच्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या आतच तयार केलेल्या आभासी कॉम्प्युटरमध्ये चालतो. त्याचा बॅकअप लावताना त्यांनी अशी सोय केली, की आधी प्रोग्रामला निरोप जावा, त्याने हातातली नोंद पूर्ण करून क्षणभर थांबावं आणि मगच कॉपी निघावी. मी वैतागून विचारलं, "एवढं काहून?"

"गाडी अर्धी काट्यावर अन् अर्धी बाहेर असतांनी तुमी वजन घेता काय? मंग अर्धी नोंद कायले उचलायची?"

यंदा ऐन हंगामात सर्व्हर बंद पडला. फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गाड्या लागल्या, शेतकरी खिडकीशी गोळा झाले, मी पुसदला फोन लावला. ते आले, हेल्मेट काढलं आणि खुर्ची ओढून निवांत बसले.

"चाय सांगा बरं. कॉपी माह्या घरच्या मशीनवरबी येते, तिथंच उघडून पाहून आलो. शेवटची गाडीबी हाय त्यात."

सर्व्हर अजून बंदच होता. मी खिडकीतून ओरडून दोन चहा सांगितले आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसलो.