उकळलं की निवळतं!

दवाखान्यात कंपाउंडर असलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. हाताला औषधाचा वास चिकटावा तसे चिकटतात! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी कर्जतला एका डॉक्टरांकडे होतो. तेव्हाचे माझे निम्मे किस्से एकाच पेशंटचे: भिसेगावचे धोंडूतात्या, भातशेती करणारे.

*

तात्या पहिल्यांदा आले ते बरगडी धरून.

"शिंकलो, आन् कट्‌कन मोडली!"

बाकावरचे सगळे हसले. तात्याही हसले आणि कळवळले. डॉक्टर तेवढे हसले नाहीत. "कंबर कधीपासून दुखते?" एवढंच त्यांनी विचारलं.

*

लघवी तपासायचं काम माझं. तात्यांची टेस्ट ट्यूब स्पिरिटच्या दिव्यावर धरली. पुरती तापायच्या आधीच लघवी दुधासारखी गढूळ झाली आणि उकळल्यावर पुन्हा स्वच्छ! एरवी गढूळ झाली की गढूळच राहते. माझंच चुकलं म्हणून ओतून दिली. दुसऱ्यांदा तेच. तीही ओतली. तिसऱ्यांदा डॉक्टर मागेच उभे होते.

"अहो, फेकताय काय! पुस्तकात वाचलं होतं, आज डोळ्यांनी बघतोय!"

आणि मग "ही तात्यांची ना?" म्हणत एकदम खुर्चीत बसले.

*

रक्ताचा रिपोर्ट मुंबईहून आला. डॉक्टरांनी तात्यांना आणि त्यांच्या बायकोला, पारूवहिनींना समजावलं, "हाडांच्या आत काही पेशी माजल्यात. त्या एकाच जातीचं प्रथिन बेसुमार करतात. रक्त दाट होतं, अंगाला लागणारी चांगली प्रथिनं कमी पडतात."

"म्हंजे भातापरास तनच जादा!" तात्या म्हणाले.

"मंग खुरपा की!" वहिनी म्हणाल्या.

डॉक्टर चष्मा पुसत राहिले. "त्याचं खुरपं अजून निघालं नाही, वहिनी."

*

आठवड्यानं वहिनी तात्यांबरोबर टोपलीभर अंडी घेऊन दवाखान्यात हजर!

"अहो, ही तात्यांना द्या!" डॉक्टर म्हणाले.

"तुमीच म्हनलात ना, परथिन जादा झालंय? समदी बंद केली मी!"

"ते वाईट, हे चांगलं!"

तात्या म्हणाले, "बरं झालं! आठ दिस कोंबडी माज्याकडं बघून हसत व्हती!"

*

पुढे तात्यांना उठवेना. डॉक्टर रोज संध्याकाळी भिसेगावला चालत जायचे, मागून मी बॅग घेऊन. बॅगेत दुखणं थांबवायचं इंजेक्शन, दुसरं काही नाही. एकदा इंजेक्शन देऊन झाल्यावर डॉक्टर खाटेजवळच बसून राहिले. नाडीसाठी धरलेला तात्यांचा हात सोडायचंही भान नव्हतं.

तात्यांनी हळूच आपला हात सोडवून घेतला आणि डॉक्टरांचं मनगट धरलं. बोटं बरोबर नाडीवर! डोळे मिटून ठोके मोजले.

"ब्येस चाललीया," ते म्हणाले. "घाबरू नका, डॉक्टर. मी हाय ना!"