विट्यापुढच्या माळावर आम्ही घासलेला हौद

श्रमदान शिबिराला जायचं यंदा माझ्या अजिबात मनात नव्हतं. गुडघा कुरकुरतोय. पण कॉलेजातून पोरांबरोबर जायला दुसरं कोणी तयार होईना, म्हणून कराडहून एसटी धरली. कडेगावपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस, विट्याच्या पुढं ऊस संपतो आणि माळ लागतो. तुम्ही कधी गेलात तर विट्याच्या स्टँडजवळ पोटभर जेवून घ्या, पुढं चहाचीही खात्री नाही. ताट शंभराच्या आसपास, ठेचा मागाल तेवढा.

गाव मेंढपाळांचं, मुक्काम शाळेत. दुसऱ्या दिवशी पोरांचं लक्ष मेंढ्यांच्या हौदाकडं गेलं. आत शेवाळलेलं हिरवंगार पाणी. पोरं बहुतेक सगळी उसाच्या पट्ट्यातली. खालचं बूच काढलं, पाणी माळावर सोडून दिलं आणि हौद घासून लख्ख केला. मी सावलीत बसून फोटो काढले.

संध्याकाळी गोल बसून, दिवसभर काय केलं आणि त्यातून काय कळलं, हे बोलायचा शिबिराचा रिवाज. मी इतका शिणलो होतो की म्हटलं, आज राहू दे रे. पोरांमध्ये दुष्काळी गावातली एकटी प्राजक्ता, ती ऐकेना. मग पोरांनी नेहमीचं म्हणून घेतलं, समाधान वाटलं, एकजूट शिकलो वगैरे. तिची पाळी आली तशी ती म्हणाली, "सर, मगाशी शाळेशेजारच्या हिराबाईंच्या मेंढ्या हौदावर आल्या आन् तशाच माघारी वळल्या. टँकर परवा येणार हाय. त्यांचं पाणी आपण ओतून दिलं."

रोहित उखडला. "घाण हुतं ते. आमच्यात असलं पाणी कोण ठेवतं?"

"तुमच्यात पाट हाय, रोहित."

मला लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर वैतागही आला, कारण आता पाणी भरून द्यायचं म्हणजे उद्याचं सगळं काम बोंबललं होतं.

सकाळी हिराबाईंच्या दारात गेलो. आदल्या संध्याकाळी त्यांनी मेंढ्या पार खालच्या तळ्यावर नेल्या होत्या, गाभण होत्या त्या वाटेतच बसल्या. "आवं सर, पोरांनी लय कष्ट केलं, मी काय बोलू?" त्या म्हणाल्या. "पर बूच काढायच्या आधी एकदा इचारायचं हुतं."

मग डाळिंबाच्या एका बागेतल्या विहिरीवरून, मालकाची परवानगी घेऊन, कॅन आणि घागरींनी दिवसभर पाणी वाहिलं. हौद कसाबसा निम्मा झाला. मेंढ्या आल्या आणि पाण्यावर तुटून पडल्या. त्या संध्याकाळी समाधान हा शब्द कोणी काढला नाही. रोहित म्हणाला, "घरी मोटर चालू करून मी झोपतो, सर. किती पाणी जातंय, कवा बघितलंच न्हाई."

पुढच्या वर्षी जाईन की नाही, ठाऊक नाही. पण तुम्ही पोरं घेऊन गेलात, तर दमलो म्हणून संध्याकाळचं बसणं सोडू नका. मी सोडणारच होतो.

घरी आलो तेव्हा पाठ धरली होती. बायकोनं चहा देताना विचारलं, "यंदा काय काम केलंत?"

हौद साफ केला, असं सांगायला तोंड उघडलं आणि थांबलो. मग म्हटलं, "सांडलेलं पाणी निम्मं परत भरलं."